आधी पडद्यावर

सख्ख्या माणसावर सुई-सुरी चालवायची नाही, हा डॉक्टरीणबाईंचा वीस वर्षांचा नेम. पण हे काम जमणारा दुसरा डॉक्टर परवापर्यंत सुट्टीवर होता, आणि अपेंडिक्स फुटून दादाच्या पोटात साठलेला पू परवाची वाट बघणार नव्हता. ताप उतरायचं नाव घेईना. मोठं ऑपरेशन सोसायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. आतड्यांच्या मधून बोटभर वाट होती, तेवढ्यातूनच सुई घालायची. चुकून आतड्यात घुसली तर आगीतून फुफाट्यात.

सकाळचे अकरा वाजले होते. पोटावर जेल, जेलवर सोनोग्राफीचा प्रोब, पडद्यावर पुवाचा काळा खळगा.

"लहानपणी इंजेक्शन म्हटलं की पलंगाखाली लपायचीस," दादा म्हणाला. "आणि आता बघा!"

"बोलू नकोस रे. पोट हलतं."

पडद्यावरचं चित्र एकदम उसळलं. मग दादा खोकला.

मग. बाई जरा थबकल्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, भास व्हायचेच. पण पुन्हा तसंच झालं. आधी चित्र उसळलं, खोकला नंतर आला.

"मशीन जुनं झालंय मॅडम," सिस्टर म्हणाली. "मागे पडतं कधीकधी."

"मागे पडलं असतं तर बरं होतं," बाई पुटपुटल्या.

त्यांनी जागा बधिर केली आणि सुई टेकवली. टोक पडद्यावर दिसल्याशिवाय ती केसभरही पुढे न्यायची नाही, असं त्या शिकाऊ डॉक्टरांना घसा कोरडा होईस्तोवर सांगत. आज टोक स्पष्ट दिसत होतं. पण बाईंनी ते अजून तिथवर नेलंच नव्हतं.

सुई नुकती कातडीत शिरली होती. पडद्यावर मात्र ती पांढरी रेघ खाली सरकली, डावीकडे घसरली आणि आतड्यात घुसली.

बाईंनी हात जागीच रोखला. त्यांनी सुईचा कोन बदलला. रेघ पुसली गेली, नव्याने उमटली आणि सरळ काळ्या खळग्यात उतरली. तेव्हा कुठे त्यांनी सुई दाबली. सिरिंजमध्ये घट्ट, पिवळा पू आला.

नळी बसली, पिशवी लागली. पोटावरचा ताण उतरला तसा दादाचा चेहरा निवळला. बाईंना रडू आलं, मास्कमुळे ते खपून गेलं.

खळगा रिकामा झाला का, हे एकदा बघायचं होतं. त्यांनी पुन्हा प्रोब टेकवला. चित्र उसळलं. बाई मनात मोजू लागल्या. सोळा झाले तेव्हा दादा खोकला. मघाशी एका श्वासाचं अंतर होतं.

ते वाढत चाललं होतं.

खळग्यामागची मोठी रक्तवाहिनी इतका वेळ ठोक्यागणिक उडत होती. ती पडद्यावर थांबली.

"सिस्टर, चित्र थांबवलंस का?"

"नाही मॅडम."

पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ चालूच होतं. बाईंनी दादाचं मनगट धरलं. नाडी छान लागत होती.

"काय गं, अशी गप्प का झालीस?" दादा हसून म्हणाला. "आता घरी कधी सोडतेस ते सांग."

बाईंनी मनगट सोडलं नाही. त्या पुन्हा एकपासून मोजू लागल्या.