उचललेला मिस्ड कॉल

चष्म्याच्या दुकानाला दुपारीच कुलूप लावून तो फोन कंपनीच्या ऑफिसात गेला, तो भांडायच्या तयारीनंच. बायकोच्या नंबरचं एरवी नुसतं भाडं यायचं. या खेपेला बिल चांगलंच फुगलं होतं. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचा फोन कपाटात, तिच्या कपड्यांखाली, बंद पडून होता. नंबर तोडायला मात्र त्याचं मन धजत नव्हतं. असल्या वेडेपणावर औषध नसतं.

काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "काका, रोज दुपारी एकाच नंबरला कॉल आहेत. हा बघा."

नंबर त्याच्याच घरचा होता.

"अहो, ते मिस्ड कॉल," तो सवयीनं म्हणाला. "माझी बायको नर्स. वॉर्डात पोचली की एक रिंग देऊन ठेवायची. आम्ही उचलत नाही. फुकटात निरोप!" आणि ती आता नाही, हे त्याला बोलून झाल्यावर आठवलं.

"मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत, काका. पलीकडून कोणीतरी उचलतंय... आणि बराच वेळ बोलतंय."

दुपारी घरी फक्त त्याची मुलगी असायची. शाळेतून येऊन, आतून कडी लावून, तो येईपर्यंत एकटी.

"तोडा तो नंबर. आत्ताच्या आत्ता."

काउंटरवरच्या मुलीनं त्याची सही घेतली, दोन बटणं दाबली. "झालं, बंद."

तो जवळजवळ पळतच घरी आला. जिन्यातच स्पिरिटचा वास आला. मुलीनं दार उघडलं. आत पडदे ओढून मिट्ट काळोख केलेला. तिच्या दोन वेण्या घट्ट, नीटस घातलेल्या होत्या. त्याला स्वतःला वर्षभरात साधा भांग जमला नव्हता.

"चिमणे, केस कोणी विंचरले?"

"हळू बोल, बाबा... आईनं."

त्यानं आवाज खाली आणला. "फोनवर... तीच बोलायची?"

"हो. रोज विचारायची, मी येऊ का? मी म्हणायचे, नको, बाबा घाबरेल, आपण फोनवरच बोलू." तिनं ओठ काढले. "आज बोलता बोलता फोन मध्येच कट झाला. तूच तोडलास ना? मग ती आली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, चल. आता तुला घरी एकटीला बसायला लागणार नाही."

त्याला रडू फुटलं. वर्षभर या पोरीला आपण एकटं ठेवलं, आणि ती कोणाशी बोलते हे आपल्याला बिलावरून कळावं! त्यानं तिचा उजवा हात गच्च धरला आणि तिला दाराकडे ओढलं. ती हलेना. एवढीशी पोर, पण जागची हलेना. त्यानं उंबऱ्याला पाय लावून जोर केला, तसा तिचा डावा हात काळोखात मागे सरळ ताणला गेला.

"आई गं!" ती कळवळली. "दोघं दोन्हीकडून ओढू नका ना..."