सतराव्या ट्रॅकवरचे हात

एरेंदिरानं दुपारचं जेवण उरकलं, हात धुतले आणि सतरावा ट्रॅक उघडला. मेक्सिको शहरातल्या त्या तळघरातल्या स्टुडिओत गेले नऊ दिवस ती बँडच्या मैफिलीची टेप घेऊन बसली होती. शुक्रवारी रेकॉर्ड छापायला जायची होती. प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा. सतरावा कोंगांचा, म्हणजे रिकामा. कोंगा वाजवणारा तिचा भाऊ निकांद्रो दोन वर्षांपूर्वी बस दरीत कोसळून गेला. तरी बँडनं त्याचे ते दोन उंच ढोल मंचावर मांडले होते, समोर माइक ठेवला होता. शेवटी गायक ताचोनं त्याचं नाव पुकारलं आणि रिवाजाप्रमाणे चौदा हजार लोक त्याच्या वतीनं ओरडले, "प्रेसेंते!" म्हणजे हजर.

"कुणाकडून तरी कोंगा वाजवून घेऊ," ताचो सकाळपासून मागे लागला होता. "गाणी पोकळ वाटतात गं."

"दुसऱ्याचा हात मी घालू देणार नाही."

"कळणार आहे कुणाला?"

"आईला."

आई बारा वर्षं ठार बहिरी. निकांद्रोची प्रत्येक रेकॉर्ड ती स्पीकरच्या लाकडावर तळवा टेकवून ऐकायची. एकदा त्याच्याऐवजी दुसरा कुणी वाजवत होता, तर तिनं झटक्यात हात काढून घेतला होता. एरेंदिरानं ही रेकॉर्ड तिच्यासाठीच अंगावर घेतली होती.

टेप फिरू लागली. आधी नुसती गर्दीची गाज. मग अगदी जवळ, कुणीतरी ओला अंगठा कातड्यावर घासला. निकांद्रोची खोड. पाठोपाठ थाप पडली. खोलीत ओल्या चामड्याचा वास पसरला. एरेंदिराच्या अंगावर काटा आला, डोळेही भरले, पण तिनं टेप थांबवली नाही.

शेवटी गर्दीचा ओरडा विरला. त्या माइकमधून दबका आवाज आला.

"एरे..."

ताचो पांढराफटक पडला होता. "तो... 'ताचो' म्हणाला. मला का बोलावतोय?"

"मला तर माझं नाव ऐकू आलं."

"ओ देऊ नकोस. ऐकतेस ना? आपणच त्याला हाक मारली आणि ओसुद्धा आपणच दिली... आता तो हाका मारतोय. पूस सगळं."

"हाक कापते. हात राहणार."

ताचोच्या विनवण्यांना तिनं भीक घातली नाही. सगळी गाणी अंतिम टेपवर उतरवली, शेवटचा वीतभर तुकडा ब्लेडनं कापला आणि त्याच्यासमोर जाळून टाकला.

गुरुवारी ती आईला घेऊन आली. आईनं स्पीकरवर तळवा टेकवला. पहिल्याच थापेला तिचा चेहरा खुलला. "त्याचेच हात," ती म्हणाली. एरेंदिराला इतक्या दिवसांचा शीण उतरल्यासारखं वाटलं.

शेवटचं गाणं संपलं. जिथं टेप कापली होती तिथं आईनं एकदम मान वळवली, दारातून कुणी बोलावल्यासारखी.

"प्रेसेंते, बाळा," ती हळूच म्हणाली.

एरेंदिरानं धावत जाऊन यंत्र बंद केलं. आईचा तळवा लाकडावरच होता.

"थांबायला नको सांगू त्याला," आई हसत म्हणाली. "मी ओ दिल्यापासून किती जोरात वाजवतोय बघ."

टेपची चाकं जागच्या जागी उभी होती. एरेंदिरानं आईच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. लाकूड थडथडत होतं.