भर दुपारची रांग

दिवा जरा इकडे सरकवा. आमच्या राजधानीत, असुन्सियोनमध्ये, वीज गेली की लवकर येत नाही. मला मात्र त्याचं काही वाटत नाही. अर्धी नोकरी मी कंदिलाच्या उजेडात रुग्णांच्या हातातल्या शिरा शोधण्यात घालवली आहे.

मला खरं तर शिक्षिका व्हायचं होतं. कोन्सेप्सियोनच्या शाळेतून आम्ही मुली पास झालो, तेव्हा अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली पांढऱ्या झग्यांत आमचा फोटो काढला होता. पुढच्याच हिवाळ्यात शेजारच्या बोलिव्हियाशी युद्ध पेटलं. शाळेतले बाक बाहेर गेले, खाटा आत आल्या. ज्या वर्गात मी नद्यांची नावं पाठ केली, त्याच वर्गात पहिल्यांदा एका पोराच्या तुटलेल्या हाताला पट्टी बांधली. फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडवलेलं गणित कित्येक महिने तसंच होतं. पुसायला कुणाचाच हात धजला नाही. आमच्या हेडबाई, दोन्या एउदोसिया, यांनी पडदे फाडून आम्हाला पट्ट्या करायला शिकवलं. आई म्हणाली, चार महिन्यांचं काम आहे, मग ये घरी. मी घरी आले ती कॅप्टन होऊन, निवृत्तीचा कागद घेऊन.

सांगणार आहे ती गोष्ट मात्र अगदी सुरुवातीची.

युद्धाचं दुसरं वर्ष होतं, उन्हाळा तापला होता. नदीपलीकडे चाकोच्या रानात, आघाडीच्या मागे, एक छोटा दवाखाना होता. तिथे आयोडीन आणि मच्छरदाण्या पोचवायच्या होत्या. नेहमी जाणारा माणूस तापाने पडला, म्हणून मला पाठवलं. पेट्या द्यायच्या, सही घ्यायची आणि परत यायचं, एवढंच काम. बोटीने गेले, मग छोट्या रेल्वेने, मग ट्रकने. वाटेत चालक माझ्याशी फक्त एकदा बोलला. म्हणाला, "सिस्टर, पाणी जपून प्या. इथं गोळीने कमी मरतात."

दवाखाना म्हणजे ताडाच्या खोडांच्या तीन लांब झोपड्या. भोवती काटेरी झाडं, सगळ्यांवर पांढऱ्या धुळीचा थर. डॉक्टर होते कॅप्टन इन्स्फ्रान, सरळ पण थकलेला माणूस. स्वयंपाकाला आणि धुण्याला न्या सिक्स्ता. वयाने माझ्या आईएवढी, चिरूट ओढणारी. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने 'न्या' म्हणतात. तिचा एकुलता मुलगा युद्धाच्या पहिल्याच मोठ्या लढाईत गेला होता. ते कळल्यावर ती आपलं बोचकं घेऊन आघाडीवर आली आणि परत गेलीच नाही.

मला सोडून ट्रक निघाला आणि वाटेत त्याचा आस मोडला. माझं परतणं राहिलं. त्याहून वाईट म्हणजे पाणी आणणारा ट्रकही तोच होता.

त्याच संध्याकाळी टेहळणीवाल्यांनी आमच्या एका सैनिकाला, एलिहियो रोलोनला आणलं. कुठल्यातरी विहिरीच्या शोधात त्याची तुकडी रानात वाट चुकली होती. विहीर सापडली, ती कोरडी. तिच्या काठावर सगळे तहानेने मेलेले आढळले, एकट्या एलिहियोत धुगधुगी होती. बाकीच्यांना टेहळणीवाल्यांनी तिथेच पुरलं. एलिहियोची जीभ काळी पडली होती. तहानेपायी त्याने सदऱ्याची बाही चावून संपवली होती. मी रात्रभर चमच्याने थेंब थेंब पाणी त्याच्या तोंडात सोडत होते.

बोलायला लागल्यावर त्याने पहिलीच गोष्ट मागितली ती ही:

"सिस्टर, दाराबाहेर पाण्याचा एक घडा ठेवाल? माझी माणसं मागून येतायत."

मी त्याच्या कपाळावर ओला कपडा ठेवला. तापात माणसं काय काय बोलतात. मी हो म्हटलं आणि घडा काही ठेवला नाही. पाणीच कुठे होतं? डॉक्टरांनी माणशी एक पेला सकाळी आणि एक संध्याकाळी असं बांधून दिलं होतं.

दुपारची वेळ तिकडे फार वाईट. उत्तरेचा वारा सुटतो, भट्टीचं दार उघडावं तसा. पाखरू बोलत नाही. सगळं जग निजलेलं असतं, आणि लहानपणापासून आम्हाला सांगितलेलं असतं की या वेळी घराबाहेर पडू नये. दुसऱ्या दिवशी त्या वेळी मी झोपडीच्या दाराशी पहाऱ्याला बसले होते. आधी वास आला. उन्हात वाळत घातलेल्या कातड्याचा. मग आवाज. धुळीत अनवाणी पावलं घासत येतायत असा, आणि कमरेला लटकवलेले पत्र्याचे पेले एकमेकांवर आपटावेत तसा, अगदी हलका. मी वर पाहिलं. समोर ऊन होतं, धूळ होती. माणूस नव्हता.

आवाज दारापाशी येऊन थांबला. मग आत गेला... माझ्या अगदी जवळून.

त्या दुपारी व्हियारिका गावचा एक पोरगा दगावला. मांडीला गोळी लागली होती, पण जखम भरत आलेली. सकाळी पेलाभर पाणी मी स्वतः पाजलं होतं त्याला, वर माझी वेणी ओढून त्याने माझी थट्टाही केली होती. आता त्याचे ओठ फुटले होते. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. पाण्यावाचून दिवसच्या दिवस काढलेल्या माणसाची राहते, तशी. डॉक्टरांनी त्याचे डोळे मिटले. मग म्हणाले, हृदय थांबलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर न्या सिक्स्ताने चुलीतली राख आणून दारासमोर, वाऱ्याच्या आडोशाला, पातळ पसरली. निजानीज झाली. पुन्हा तो वास, पुन्हा ते पेले. मी जपमाळ हातात घट्ट धरून बसले होते. वारा पडल्यावर आम्ही दोघी राखेपाशी वाकलो. अनवाणी पावलांचे ठसे होते, एकात एक मिसळलेले, सगळे रानाकडून आलेले. परत जाणारा एकही नव्हता.

सिक्स्ताने तोंडातला चिरूट काढला. "आले ते दिसतंय, पोरी," ती हळूच म्हणाली. "पण मग गेले कुठं?"

आतून कुणीतरी ओरडलं. दुसरा माणूस गेला होता. तोही तसाच, वाळून.

मी एलिहियोच्या खाटेशी गेले. तो जागा होता आणि रडत होता, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

"ते वाईट नाहीत हो, सिस्टर," तो म्हणाला. "त्यांना तहान लागलीय. बाहेर ठेवलं नाही, तर जिथं असेल तिथून घेणारच ना..."

मी डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. घड्यांकडे बोट दाखवून म्हणाले की उद्या ट्रक आला नाही, तर कुणाला पाणी द्यायचं आणि कुणाला नाही हे त्यांना ठरवावं लागणार आहे. मग उठताना म्हणाले, "मेलेल्यांना रेशन नसतं, सिस्टर सेल्सा."

ते चुकत होते असं मी आजही म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा पेला प्यायले नाही. आदल्या संध्याकाळचाही ठेवला होता. सिक्स्ताने ते पाहिलं आणि मला वेड्यात काढलं. माझ्या आईने मला हे करायला शिकवून पाठवलंय का, म्हणाली. मग आत गेली आणि स्वतःचं पाणी आणून माझ्या घड्यात ओतलं. पाणी जेमतेम घड्याच्या तळापासून वर आलं. बाहेरच्या त्या सगळ्यांना ते पुरायचं कसं, हा प्रश्न होता. पण वॉर्डात तो प्रश्न रोजचाच असतो. तेव्हा मला कळलं की भूत म्हणून यांच्यासाठी मला काहीच करता येणार नाही. रुग्ण म्हणून येईल.

एलिहियोकडून मी त्यांची नावं घेतली. एकेक नाव सांगताना तो त्या माणसाचं गावही सांगत होता. सगळ्यांची झाल्यावर थांबला. मग म्हणाला, "आणखी एक आहे. तो शत्रूकडचा. बोलिव्हियाचा. विहिरीपाशी आमच्या आधीच येऊन बसला होता. शेवटी शेवटी कोण कुणाचा कैदी, ते कुणालाच आठवेना. त्याचं नाव आम्हाला नीट कळलं नाही."

सिक्स्ता दारात उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि मान खाली घातली.

निजानीज झाली. घडा आणि एक पेला घेऊन मी बाहेर सावलीत उभी राहिले. घशाला कोरड पडली होती, जीभ टाळ्याला चिकटत होती. वास आला. पावलं आली. मी पाठ भिंतीच्या खोडाला टेकवली. मग मी माझ्या शाळेतला आवाज काढला. हेडबाई हजेरी घ्यायच्या, तसा.

"ढकलाढकली नको. सगळ्यांना मिळेल. एका दमात प्यायचं नाही, उलटी होईल. ओठ ओले करा, मग एक घोट. बासिलियो आयाला, पुढे या."

पावलं थांबली. रानात एक पान हललं नाही. मग एकच पाऊल पुढे आलं. मी पेला धरला होता तो हळूच जड झाला, पलीकडून कुणीतरी हात लावावा तसा. आणि पाणी कमी झालं. एक घोट, सांगितला होता तेवढाच.

मी पुढचं नाव घेतलं. मग त्याच्या पुढचं. एकजण फार थरथरत होता, पेल्याची कड दातांवर वाजत होती. त्याला मी म्हटलं, "सावकाश रे बाळा, मी कुठे जात नाही." किती वेळ गेला कोण जाणे. भीती केव्हा गेली तेही कळलं नाही. रोजच्या कामासारखं ते काम झालं.

नावं संपली. घड्यात तळाला थोडंसं उरलं होतं. समोर अजून कुणीतरी उभं होतं, जरा लांब, पुढे न येता. माझ्याकडे हाक मारायला नाव नव्हतं. मी गोंधळले. तेवढ्यात सिक्स्ता माझ्या शेजारी आली, माझ्या हातातून पेला घेतला आणि उरलेलं सगळं त्यात ओतलं.

"ये," ती म्हणाली. "तुझीही आई कुठंतरी वाट बघत असेल. पी."

पेला रिकामा झाला. सिक्स्ता तिथेच धुळीत बसली आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच, असं नंतर ती म्हणाली, मोकळेपणी रडली.

त्या दुपारी कुणी गेलं नाही. दुसऱ्या सकाळी ट्रक आला. कॅप्टन इन्स्फ्राननी एक मोठा घडा भरून घेतला आणि स्वतः दाराबाहेर नेऊन ठेवला.

एलिहियो बरा होऊन गावी गेला, त्याने संत्र्यांची बाग केली. दर डिसेंबरला काआकुपेच्या देवीच्या यात्रेला जाताना तो माझ्याकडे चिपाच्या कडक वाटोळ्या पावांची माळ टाकून जायचा. गेल्याच्या गेल्या वर्षी तो वारला. सिक्स्ता तर कधीच गेली. मी लष्करात राहिले. रोगांच्या साथी पाहिल्या, आपसातलं युद्ध पाहिलं, कितीतरी पोरी शिकवून तयार केल्या. जिथे बदली होई, तिथे दुपारच्या पहाऱ्याला मला वॉर्ड भरलेला वाटे. खाटा रिकाम्या असल्या तरी. नव्या पोरी म्हणायच्या, कॅप्टन, दुपारी तुम्ही कुणाशी बोलता? मी म्हणायची, माझ्या जुन्या रुग्णांशी. त्या हसायच्या. खरं सांगायचं तर त्या सगळ्या वर्षांत मला एकटं असं कधी वाटलं नाही. लग्न केलं नाही म्हणून लोक हळहळतात, पण मला त्या दुपारचीच आठवण जास्त येते. कुणाला इतकी हवीशी पुन्हा कधी झाले नाही मी.

आता माझी मूत्रपिंडं थकली आहेत. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलंय. बहिणीची सून लुसिला फार शिस्तीची आहे. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. दुपारी घसा सुकतो, जीभ टाळ्याला चिकटते. मी डोळे मिटून पडते.

गेला आठवडाभर असं होतंय की दुपारची झोप मोडते तेव्हा माझे ओठ ओले असतात. तोंडात पाण्याची चव असते. नळाची नाही. जराशी गोडसर, मातकट. लुसिलाने मला पाणी दिलेलं नसतं, मी विचारून पाहिलं.

काल खोली झाडताना तिला माझ्या खाटेखाली एका कंदाची जाड साल सापडली. ती तिने मला आणून दाखवली आणि हे कुठल्या भाजीचं, म्हणून विचारलं. मी ओळखलं. चाकोच्या रानात जमिनीखाली तो कंद होतो. पाणी संपलं की सैनिक तो उकरून काढायचे आणि पिळून प्यायचे. नदीच्या या बाजूला तो मिळत नाही.

साल अजून ओली होती. आणि ती सुरीने काढलेली नव्हती, दातांनी सोललेली होती.