शुभोक्तीचा नियम

हेतुवेधीच्या पडद्यावर सख्ख्या बहिणीचं नाव दिसलं आणि केतकी साठेच्या तोंडचं पाणी पळालं. नावापुढे लाल अक्षरांत आरोप होता : बालहत्या, शेकडो. पुरावा : आरोपीचीच लेखी कबुली.

"सर, अहो सर, आधी इकडे या!"

नाशिकच्या त्या प्रयोगशाळेत तिची हाक कोपऱ्यापर्यंत गेली. घारपुरेसर चहा तसाच टाकून आले. हेतुवेधी ही त्यांचीच निर्मिती. 'चावडी' या समाजमाध्यमावर रोज कोट्यवधी माणसं बोलत, भांडत, एकमेकांची उणीदुणी काढत. त्यांतलं कोण कुणाच्या जिवावर उठलंय, हे शब्दांआडून ओळखायचं आणि त्याचं खातं तिथल्या तिथे गोठवायचं, हे या यंत्राचं काम. पूर्वी खातं गोठलं तर माणूस चार दिवस चरफडायचा नि गप्प बसायचा. आता तसं नव्हतं. चावडीचं खातं हीच माणसाची ओळख झाली होती. रेशन, प्रवास, दवाखाना, सगळं त्याच्यावर.

केतकीच्या या सुलभाताईच्या मनगटावर तर छोटा पडदा होता आणि छातीत त्याला जोडलेला हृदयपंप. चालत राहायची परवानगी त्याला खात्यावरूनच मिळे. गोठलेल्या खात्याला संध्याकाळपर्यंतची सवलत असे. खातं कायमचं मिटलं, की पंपाच्या लेखी त्याचा मालक हयात नाही.

"काय लिहिलंय काय तुझ्या ताईनं?" सरांनी विचारलं.

केतकीनं मजकूर समोर आणला. ताईनं सांगलीतलं आपलं पाळणाघर बंद केलं होतं आणि सगळ्यांचा निरोप घेतला होता. 'शेकडो मुलं मी या हातांनी वाढवली. आता शरीर साथ देत नाही. आज पाळणाघरही वाढवलं.'

सरांनी ते दोनदा वाचलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"शुभोक्ती-नियम," ते म्हणाले.

केतकीला वेगळं सांगायची गरजच नव्हती. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करतानाही वाढवतात. अशुभ तोंडातून निघायला नको ना! चावडीवरच्या गुंडांनी नेमकं हेच हेरलं होतं. 'त्याचं दुकान वाढवून टाका' अशी उघड धमकी ते लिहीत आणि यंत्र बिचारं त्याला व्यवसायाच्या शुभेच्छा समजे. म्हणून सरांनी त्याला नवा नियम शिकवला : मराठी माणूस शेवटाबद्दल बोलताना शुभ शब्द वापरतो, तेव्हा 'वाढवणे' दिसलं की शेवटच समज.

"पण सर, मुलं वाढवणं म्हणजे लहानाचं मोठं करणं! शेंबडं पोरही सांगेल."

"पोर सांगेल, यंत्र नाही सांगणार. त्यानं दोन वाक्यं जोडून पाहिली. पाळणाघर वाढवलं म्हणजे बंद केलं, हे त्याला बरोबर कळलं. मग त्याच बाईनं, त्याच लिखाणात, तोच शब्द मुलांसाठी वापरला. त्याच्या दृष्टीनं हिशोब चोख आहे."

"कसला चोख! कुणा माणसाला दाखवा हे."

"माणसं आहेत कुठे? तपासनीस काढून टाकूनच तर हेतुवेधी आणलं."

तेवढ्यात केतकीचा फोन वाजला. भाऊजींचा होता. त्यांचा आवाज थरथरत होता.

"केतकी, अगं काय चाललंय हे? दारावर दगड पडतायत. चावडीनं गल्लीभर इशारा पाठवलाय, या बाईपासून मुलं जपा म्हणून. शेजारचा तो बाबर बाहेर उभा राहून ओरडतोय. त्याच्या दोन्ही पोरी तिच्याच मांडीवर वाढल्या गं!"

"भाऊजी, कड्या लावून घ्या. ताई कशी आहे?"

"नुसती छताकडे बघतेय. म्हणते, माझं काय चुकलं तेवढं सांगा."

केतकीला रडू फुटलं. आईमागे ताईनंच तिची वेणीफणी केली होती. ती ताई आज गल्लीला मुलं मारणारी वाटत होती, आणि दिवस कलायच्या आत काही केलं नाही तर तिचं हृदयच थांबणार होतं.

"रडू नकोस, वेळ नाही," सर म्हणाले. "अख्खा नियम आत्ता उपटता यायचा नाही, तो यंत्राच्या सगळ्या शिकण्यात मुरलाय. पण अपवाद शिकवता येईल. मूल, लेकरू, पोर यांच्यासोबत 'वाढवणे' आलं तर अर्थ संगोपन. मी उदाहरणं घालतो. तू फेरविचाराचा अर्ज कर. नातं लिही, निकड लिही. जवळच्या नातेवाइकाची विनंती यंत्र आधी घेतं."

ते भराभरा टंकू लागले. केतकीनंही लिहायला घेतलं. अक्षरं चुकत होती. 'मी सुलभा निमकर यांची धाकटी बहीण. ताईनं मुलांचं संगोपन केलं आहे. तिचा हृदयपंप खात्यावर अवलंबून आहे. हात जोडून विनंती करते, माझ्या ताईचं आयुष्य वाढवा.'

अर्ज गेला. पडद्यावर चक्र फिरू लागलं. केतकी मनातल्या मनात गणपतीला साकडं घालत होती. प्रयोगशाळेत बसून काय हे, असं एरवी सर म्हणाले असते. आज तेही डोळे मिटून बसले होते.

उत्तर आलं.

'बालहत्येचा आरोप मागे घेतला आहे. परिसरातील इशारा रद्द केला आहे. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.'

"सुटली!" सर ओरडले. "केतकी, सुटली तुझी ताई!"

केतकीचा जीव भांड्यात पडला. हसू आणि रडू एकदमच आलं. डोळे पुसत तिनं पुढची ओळ वाचली.

'आपल्या विनंतीनुसार श्रीमती सुलभा निमकर यांचे आयुष्य वाढवण्यात येत आहे.'

हसू तोंडावरच राहिलं. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. अपवाद मुलांपुरता होता. आयुष्य म्हणजे मूल नव्हे; तिथे 'वाढवणे' म्हणजे अजूनही शेवटच.

"सर," तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "सर, ते थांबवा. थांबवा ते!"

सरांनी ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते कळफलकावर तुटून पडले. केतकीनं फोन लावला, तो चौथ्या वेळी लागला.

"भाऊजी, ताईला उचला! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!"

"अगं, दवाखाना कशाला?" भाऊजींचा आवाज कितीतरी हलका झाला होता. "सगळं निवळलं बघ. बाबर आत येऊन पाया पडून गेला तिच्या. ती हसलीसुद्धा."

"भाऊजी, पंप बघा! पंपाच्या पडद्यावर काय लिहिलंय?"

"थांब, चष्मा लावतो. हां... 'शतायुषी व्हा' असं लिहिलंय. किती चांगलं लिहितात गं हे लोक! थांब, तिलाच देतो फोन. सुलू... ए सुलू, केतकी आहे... सुलू?"