निळ्या पट्टीची गाठ

दार ओढून घे रे, गार वारा येतोय. पूर्ण नको. चार बोटं फट राहू दे. का ते सांगतो, पण मध्येच कुणी दात काढायचे नाहीत. ही ऐकीव गोष्ट नाही. समोरच्या अंगणात घडली, आणि ज्याच्यावर बेतली त्यानेच मला सांगितली.

समोरचे टपालकाका. उभा जन्म टपालाची गाडी चालवली. गाडी मोडीत निघाली तेव्हा यांनीच ती विकत घेतली. मागच्या डब्यात फळ्यांचा पलंग केला, छोटी शेगडी मांडली, पडदे लावले आणि नवराबायको निघाले भटकायला. कितीतरी वर्षं भटकले. गाडीचं नाव म्हातारी. चढावर तिला धाप लागली की काका खरोखर विचारायचे, "दमलीस का गं?" आणि मागून काकू ओरडायच्या, "अहो, मला विचारताय की तिला?"

तिची एकच खोड होती. पत्रं काही आतून दार उघडत नाहीत, म्हणून मागच्या दाराला कडी फक्त बाहेरून. पुढची केबिन आणि मागचा डबा यांच्यामध्ये सलग पत्रा. मी फिटर माणूस. म्हटलं, आतून कडी बसवून देतो. काकू म्हणाल्या, "नको, तिला भोकं पाडू नका." त्यांनी जुन्या निळ्या चादरीची पट्टी फाडली आणि पांढऱ्या दोऱ्याने तिचे काठ शिवले. एकच पट्टी. रात्री त्या पट्टीने दार आतून बांधायचं, चार बोटं फट ठेवून, म्हणजे कडी चुकूनही पडत नाही. आणि गाडी चालू असताना काकूंनी पत्र्यावर तीनदा टकटक केलं की थांब, एकदा केलं की चल. असा त्यांचा संसार.

काकू गेल्या त्याही त्याच पलंगावर, झोपेत. काका म्हणतात, "तिला खाली उतरवलं, पण ती उतरलीच नाही."

गेल्या वर्षी काकांना हॉस्पिटलात ठेवलं आणि पुतण्या घर राखायला आला. राखायला कसला, त्याचा डोळा अंगणावर. याची नवी कोरी गाडी उन्हात, आणि म्हातारी झाडाखाली सावलीत! काका रोज विचारायचे, "म्हातारी कशी आहे?" हा सांगायचा, "धुऊनपुसून ठेवलीय, काका." आणि इकडे पलंग उखडला, शेगडी देऊन टाकली, पडदे, उशा, ती निळी पट्टी, सगळं अंगणाच्या कोपऱ्यात पेटवून दिलं. मी कुंपणावरून विचारलं, "अरे, ते आल्यावर काय सांगणार आहेस?"

"चोरीला गेली म्हणेन," तो म्हणाला. "म्हातारा दोन दिवस रडेल, मग विसरेल."

असं बोलला बघा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काका बुधवारी सकाळी घरी यायचे होते. मंगळवारी रात्री साडेदहाला हा म्हातारीला घेऊन भंगारवाल्याकडे निघाला. लोकांच्या नजरेला पडू नये म्हणून रात्रीची वेळ. भंगारवाला जागा राहणार होता. थंडीचे दिवस, रस्ता मोकळा, हा शीळ घालत चाललेला.

पाण्याच्या टाकीपुढे रस्त्यावरचे दिवे संपतात. तिथे मागून आवाज आला.

टक. टक. टक.

त्याला वाटलं, एखादी फळी सैल झाली. मग आठवलं, फळ्या तर आपणच काढल्या.

टक. टक. टक.

पाय आपसूक ब्रेकवर गेला. चावी काढून खिशात घातली. उतरला. मागचं दार उघडलं, मोबाइलचा उजेड टाकला. डबा रिकामा. पलंग होता तिथला पत्रा तेवढा वाफ धरल्यासारखा दिसत होता. हा आत चढला. हात लावून बघितला.

पत्रा ऊबदार होता. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा.

मागे दार लागलं. हळूच. झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून लावतात ना, तसं.

मग बाहेरून कडी पडली.

त्याने फोन लावून पाहिला. पत्र्याच्या डब्यात कसली रेंज! खांदा मारला. लाथा मारल्या. आणि गाडी सुरू झाली. चावी याच्या खिशात. गाडी वळली. सावकाश. माघारी.

त्याने मधला पत्रा बडवला. तीनदा. थांब. पुन्हा तीनदा. थांब...

पलीकडे शांत.

मग, टक.

एकदाच.

"काकू...?"

...

टक.

 

इकडे घरी मी जागा होतो. बाराच्या सुमारास म्हातारीचा खोकला ऐकला, तो मी झोपेतही ओळखीन. वाटलं, पोराला अक्कल सुचली. कूस बदलून झोपलो.

सकाळी बघतो तर म्हातारी आपल्या जागी. आतून हुंदके. कडी घातलेली आणि कडीवर निळी पट्टी, पांढऱ्या काठाची, करकचून बांधलेली. मी पक्कड लावली. सुरी चालवली. एकही धागा तुटेना.

तेवढ्यात काका आले, काठी टेकत. त्यांनी गाठ पाहिली, म्हातारीवर तळहात ठेवला. डोळे भरले होते.

"पुरे गं आता. सोड त्याला."

दोन बोटांनी ओढली, गाठ सुटली. पुतण्या बाहेर कोसळला, बोटांची सालटी निघालेली. काकांनी त्याला हात दिला नाही. रिकाम्या डब्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "जा. पण रात्री दार लावून झोपू नकोस. तिचा राग लवकर जात नाही."

तो आजही झोपत नाही. भर थंडीत घराचं दार सताड उघडं टाकतो. मध्यरात्री ते आपोआप लागतं म्हणे. हळूच.

काकांनी पट्टी खिशात घातली आणि घरात गेले. मला काही चैन पडेना. मी कोपऱ्यातली राख काठीने उकरली. ती पत्र्याची डबी दे इकडे. ही घरात आहे तोवर मीही दार पूर्ण लावत नाही. हे बघा, अर्धी जळलेली निळी पट्टी, पांढरा काठ, काकूंचाच टाका. त्या राखेतून मीच काढली.

आणि काकांच्या खिशातली तर अख्खी होती.