साठ्यातली सुपारी

पहिला थर

टप्‌!

आंब्याच्या रसात सुपारी पडली आणि रस माझ्या नाकावर उडाला. सुरुवात एवढीच. याहून सुंदर काही घडलं असतं तर सांगितलं असतं.

"कावळ्याला मारली होती ती…" दगडी गडग्यापलीकडून एका तरुणाचा आवाज आला.

"कावळा माडावर बसलाय. मी इकडे आहे."

"दिसलं आता."

तो बघत राहिला. मीही… पण नाकावर रस घेऊन किती वेळ बघणार?

"ताई, नाक पूस आधी!" चिमा खिदळली.

चिमा माझी धाकटी बहीण. शनिवार-रविवार आम्ही दोघी देवरुखहून वेळणेश्वरला गंगूमावशीकडे आलो होतो. मे महिना, लख्ख ऊन. मावशीने अंगणातल्या खळ्यात ताटांमध्ये आंब्याच्या रसाचं साठं वाळत घातलं होतं आणि माझ्या हाती काठी दिली होती. "राखण कर गो बाय. हा थर सुकला की वरून दुसरा ओतू."

मला पाठवलं होतं मात्र विचार करायला. मुंबईचं स्थळ आलं होतं. मुलगा गोदीत, स्वतःची खोली. बाबा म्हणाले होते, "समुद्र बघ, विचार कर. सोमवारी मला हो की नाही ते सांग."

नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. हो म्हणायलाही…

"माझी सुपारी टाका ना इकडे," तो म्हणाला.

"चिकट झाली आहे."

"चालेल."

"कावळ्याकडे मागा."

सुपारी मी ओच्यात खोवली. का, ते विचारू नका.

दुसरा थर

(हा थर नुसत्या बोलण्याचा. दुपारभर गडग्यावरून चाललेल्या गप्पांचा. तो सुपारी उन्हात परतत होता, मी कावळे हाकत होते. त्याचं नाव लवू.)

"पावसाआधी शेवटचं ऊन दाखवायचं सुपारीला. नाहीतर बुरशी."

"तुम्ही नाही गेलात मुंबईला? इथले सगळे जातात."

"गेलो होतो की! एका खोलीत आठजण. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगायचं — मी वळतोय, तूही वळ."

"खोटं!"

"गळ्याशप्पथ. एकदा न सांगता वळलो, तर पलीकडचा दारापाशी जाऊन पडला."

"म्हणून परत आलात?"

"वाडी होती. आई होती. आणि… हे ऊन."

"ऊन तिथेही असेल."

"असेल. मला दिसलं नाही."

"ताईला दिसेल," चिमा मधेच म्हणाली. "तिला मुंबईचंच स्थळ आलंय. सोमवारी उत्तर द्यायचंय."

त्याचे हात सुपारीवर थांबले.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

कावळा आला. साठ्याच्या कोपऱ्याला चोच मारून, आणखी एकदा मारून, निवांत उडून गेला.

दोघांपैकी कोणीच हाकलला नाही.

तिसरा थर

रविवार. मावशीने सकाळी नवा रस ओतला. सुपारीने पाडलेला खळगा भरून गेला. पण कुठे होता ते मला माहीत होतं.

तो दिसला नाही. दहा वाजले, अकरा… चिमाने पिशवी भरली.

"मावशी, साठं?"

"ओलं कसं नेशील गो? राहू दे."

निघालो. आणि गडग्यापाशी तो उभा. अंघोळ केलेला, भांग पाडलेला.

"माझी… सुपारी राहिली तुमच्याकडे."

ओच्यात हात घातला. सुपारी हाताला लागली. घट्ट धरली.

"देणार नाही."

"का?"

"आमच्यात सुपारी अशी गडग्यावरून देत-घेत नाहीत. चार माणसांत फोडतात." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तुमच्या आईला घेऊन या… देवरुखला."

चिमाने हातातली पिशवी खाली ठेवली.

"आणि सोमवार?" त्याने विचारलं.

"नाही म्हणून सांगते."

"बाबा कारण विचारतील."

"'नाही' मी सांगते. कारण तुम्ही घेऊन या."

तो हसला — आधी डोळ्यांनी, मग सगळाच.

"साठं वाळलं की घेऊन येतो. चार-पाच उन्हं तरी लागतील."

"दोन पुरे!" आतून मावशी ओरडली. "यापुढे थर पातळ ओतते मी!"