सूट नको

"मेले लुटायलाच बसलेत," मी पुटपुटले.

खरं तर हे मनातच म्हणायचं होतं. पण बंगळूरमध्ये दोन वर्षं काढली की एक खोड लागते. आपली मराठी कुणाला कळत नाही असं धरून चालायची खोड. रिक्षात, लिफ्टमध्ये, अगदी ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा मी खुशाल पुटपुटत असते.

"मेले नाहीत अजून, अक्का," स्टॉलमागून आवाज आला. "संध्याकाळपर्यंत आहोत. उद्याही आहोत."

मी वर पाहिलं. उंच, सावळा, नखांत लाल रंग अडकलेला. हसू दाबत होता, आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं. माझ्या हातात डबा होता. बारा घोडेस्वार, बोटभर उंचीचे, अजून रंग न दिलेले.

इथल्या शिवाजीनगरजवळच्या एका क्लबच्या हॉलमध्ये टेबलावरच्या लढायांचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरलं होतं. इथे लोक इवले इवले सैनिक विकत घेतात, घरी नेऊन रंगवतात आणि कापडी डोंगरांवर फासे टाकून युद्धं खेळतात. मी कॉलेजपासून हेच करते. तरी आत आल्यापासून तिघांनी मला विचारलं होतं, भावासाठी घेताय का?

"अक्का कुणाला म्हणता?" मी तडकून विचारलं.

"सगळ्यांना. सवय आहे. आमच्या सात-आठ पिढ्या इथेच गेल्या. मराठी घरात बोलतो, तेवढीच." त्याने हात पुढे केला. "मी अवधूत. मराठीत शिवी दिलीत म्हणून दहा टक्के सूट."

"मला सूट नको."

"सरी, ठीक आहे. पूर्ण पैसे द्या मग. हे गोंबे स्वतः रंगवणार का?"

गोंबे. म्हणजे बाहुल्या. एवढं कन्नड मला येतं.

झालं, माझं डोकं फिरलं. नागपूरहून आई दर रविवारी फोनवर हेच म्हणते. सिद्धी, सत्तावीस वर्षांची झालीस, बाहुल्या काय खेळतेस? आणि सुशांतही तेच म्हणाला होता. सुशांत म्हणजे आईने शोधलेलं स्थळ. पुण्याचा, बेळ्ळंदूरला माझ्याच ऑफिसशेजारी नोकरी, नाव ठेवायला जागा नाही. त्याचे आईवडील दुसऱ्या दिवशी चार वाजता साखरपुड्याची तारीख ठरवायला माझ्या फ्लॅटवर येणार होते. मी फक्त हो म्हणायचं होतं.

मी डबा खाली ठेवला आणि चालू लागले.

"अहो, स्वल्प ऐका तर..." डबा घेऊन तो मागे आला. "आमच्या घरी दसऱ्याला गोंबे मांडतात. पायऱ्या करून. वर राजा-राणी, खाली माझं सगळं सैन्य. तोफा, हत्ती, सगळं. आई नऊ दिवस त्यांना हळद-कुंकू लावते. गोंबे म्हणजे आमच्यात... काही कमी नव्हे."

"तोफेला हळद-कुंकू?"

"तोफेला, हत्तीला. नंतर मी पुसत नाही. चांगलं दिसतं."

मला हसायचं नव्हतं. पण हसू फुटलं, आणि रागाची सगळी पंचाईत झाली.

स्टॉल मित्राच्या, कार्तिकच्या, गळ्यात घालून अवधूत माझ्याशी खेळायला बसला. बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता. खिडकीतून गार वारा येत होता, आणि त्याच्या कॉफीचा वास. तो टेबलावर वाकला की केस कपाळावर यायचे, रंगाच्या बोटांनी तो ते मागे सारायचा. मी डोंगराकडे बघत होते... बहुतेक वेळ.

तासाभराने त्याचे घोडेस्वार माझ्या छावणीसमोर आले. घोडे एका चालीत बारा इंचच जातात, म्हणून टेपने अंतर मोजायला आम्ही दोघं एकदमच वाकलो. बोटांना बोटं लागली. त्याने घाईघाईने आकडा वाचला. "तेरा इंच. पोचत नाहीत. वाचलात."

"टेप परत लाव."

"कशाला?"

"बारा आहेत. पोचतात तुझे घोडे. मुद्दाम हरतोस?"

"पाहुण्या आहात, म्हणून स्वल्प..."

"मघाशीच सांगितलं ना, सूट नको म्हणून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. नीट, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. मग टेप परत लावला, बारा इंच मोजले, आणि पुढच्या तीन डावांत माझ्या फौजेचा असा धुव्वा उडवला की विचारू नका. समजूत घातली नाही, गोडही बोलला नाही.

"डावी बाजू उघडी टाकलीस," तो म्हणाला. तुम्हीचं तू केव्हा झालं ते दोघांनाही कळलं नाही.

घरी जाताना बसमध्ये मी एकटीच हसत होते. इतक्या मनापासून मला कुणी हरवलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी पुन्हा हॉलमध्ये हजर. रंग घ्यायचे राहिलेत, असं स्वतःला सांगितलं होतं. रंग माझ्याकडे ढीगभर आहेत. डावी बाजू भक्कम ठेवून या वेळी मी जिंकत आले होते, इतक्यात सुशांत मला न्यायला आला. घड्याळ बघत.

"सिद्धी, चल. आईबाबा चारला येतायत, तुला साडी नेसायला वेळ लागेल."

"अर्धा तास दे. डाव संपतोय."

तो समजूतदारपणे हसला. तो नेहमीच समजूतदार असतो. "हे बघ, मी काही जुन्या विचारांचा नाही. लग्नानंतर महिन्यातला एक संडे तुला अलाऊड. बाकी तुझं ते खेळण्यांचं कपाट मात्र रिकामं करू या, ओके?"

अवधूत उठायला लागला. "तू बस," मी म्हटलं. "हे माझं मी बघते."

मग सुशांतकडे वळले. "सुशांत, रविवार माझेच आहेत. तू मला त्यातला एक देतोयस. माझं उत्तर 'नाही' असं आहे. तुझ्या आईबाबांना मी स्वतः फोन करून माफी मागते, त्यांची काही चूक नाही."

"या खेळण्यांसाठी?"

"माझ्यासाठी."

तो गेला. मी त्याच्या आईला फोन केला. दोन वाक्यांत सांगितलं, त्यांनी तिसरं ऐकून घेतलं नाही. पाचव्या मिनिटाला नागपूरचा फोन वाजला.

"पागल झालीस का? चांगलं स्थळ काहून मोडलं? दुसरा कुणी आहे?"

मी अवधूतकडे पाहिलं. सगळं ऐकू येत होतं त्याला, आणि फासे गोळा करण्याचं नाटक चालू होतं.

"त्याच्यासाठी नाही मोडलं, आई. त्याला मी कालच भेटले. पण हो, आहे."

"कालच? नाव काय त्याचं?"

"अवधूत."

"आडनाव?"

मी फोनवर हात ठेवला. "आडनाव काय रे तुझं?"

"राव," तो म्हणाला. आवाज जरा फाटलाच.

"राव," मी आईला सांगितलं.

"राव म्हणजे? कोणत्यातले? आपल्यातले आहेत का?"

"विचारलं नाही, आई. विचारणारही नाही. मला तो आवडतो."

मी फोन ठेवला. अवधूतचे कान त्याच्या नखांइतके लाल झाले होते.

"हे..." तो कसाबसा म्हणाला, "हे आधी मला सांगायचं असतं ना?"

"तू ऐकत होतास की."

"मग मलाही सांगायचं आहे." तो टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "पण फोनवर नाही."